सोरायसिस आणि आपल्या संवयी



आपल्या मराठी भाषेंत त्वचेच्या विकारांना नांवांची उणीव नाहीं. गोल चट्टा दिसला कीं आपण त्यास गजकर्ण किंवा नायटा म्हणतों. लस वाहूं लागली कीं इसब. बोटांच्या बेचक्यांत रात्रीं खाज सुटली कीं खरूज. पांढरा डाग पडला कीं कोड. आणि ज्याचा उच्चारहि दबक्या आवाजांत करावयाचा तो महारोग. परंतु एक विकार असा आहे कीं, खेडोपाडीं पुष्कळांच्या अंगावर तो असूनहि सर्वांच्या तोंडीं बसलेलें घरगुती नांव त्यास मिळालेलें नाहीं. कोंपरांवर, गुडघ्यांवर, कमरेच्या मागें, डोक्याच्या केसांत जाड चट्टे उठतात. त्यांवर अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखे रुपेरी खवले जमतात. ते खरवडले असतां खालीं रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. गोऱ्या कातडीवर हे चट्टे लाल दिसतात. आपल्या सांवळ्या वर्णावर ते जांभळट किंवा काळसर दिसतात. कित्येकांच्या नखांवर शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे खळगे पडतात. डॉक्टर या विकारास सोरायसिस म्हणतात. ज्या ग्रीक शब्दापासून हें नांव आलें त्याचा अर्थ खाज असा आहे.

नांव नाहीं म्हणून काय बिघडलें, असें कोणी विचारील. पुष्कळ बिघडतें. ज्यास स्वतःचें नांव नाहीं त्यास दुसऱ्याचें नांव चिकटतें. गजकर्ण समजून औषधाच्या दुकानांतून भलतेंच मलम आणलें जातें, आणि महारोग समजून माणसाचें ताट वेगळें मांडलें जातें. एका समजुतीनें शरीराची हानि होते, दुसरीनें मनाची.

हा घोटाळा केवळ आपल्याकडेच झाला असें नाहीं. युरोपांतहि कित्येक शतकें सोरायसिस झालेलीं माणसें महारोग्यांत गणलीं जात. व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांनीं १८४१ सालीं हे दोन विकार निखालस वेगळे असल्याचें दाखवून दिलें. आपल्याकडे चरकसंहितेंत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं एककुष्ठ नांवाच्या प्रकाराला माशाच्या खवल्यांची उपमा दिलेली आहे, आणि आजचे पुष्कळ वैद्य सोरायसिसची तुलना त्याच्याशीं करतात. म्हणजे भेद जुन्या शास्त्रकारांच्याहि लक्षांत आला होता. परंतु व्यवहारांत कुष्ठ हा शब्द महारोगाचाच वाचक होऊन बसला आणि भेद पुसला गेला. खरें पाहतां महारोगाच्या चट्ट्यावर स्पर्शाची जाणीव कमी होते. सोरायसिसचा चट्टा बधिर नसतो, उलट बहुधा खाजतो. महारोग जंतूमुळें होतो, आणि तोहि आतां औषधानें पूर्ण बरा होतो. सोरायसिस हा जंतूंचा रोगच नव्हे. तो स्पर्शानें, एका ताटांत जेवल्यानें, एका विहिरीवर पोहल्यानें किंवा एका अंथरुणावर निजल्यानें दुसऱ्यास होत नाहीं. हें वाक्य आपण दोनदां ऐकावें अशी माझी विनंति आहे: सोरायसिस संसर्गानें होत नाहीं.

मग तो होतो तरी कशानें? मी जन्मभर शाळेंत शिकविलें, म्हणून शाळेंतलाच दाखला देतों. आपल्या त्वचेच्या तळच्या थरांत नव्या पेशी जन्मास येतात. पहिल्या इयत्तेंतील मुलांप्रमाणें त्या क्रमाक्रमानें वर चढतात, वाटेंत पक्व होतात, आणि सुमारें एका महिन्यानें पृष्ठभागावर येऊन, आपलें काम संपवून, नकळत गळून पडतात. सोरायसिसमध्यें हाच प्रवास चार-पांच दिवसांत उरकतो. परीक्षा न घेतां मुलें भराभर वरच्या वर्गांत ढकलावीं, तशा ह्या कच्च्या पेशी वर येतात. त्या सुट्या गळत नाहींत. एकावर एक साचतात. तेच ते खवले होत. आणि ही घाई कां? शरीराची जी संरक्षक यंत्रणा जंतूंशीं लढण्याकरितां असते, ती येथें शत्रु समोर नसतांना लढाईचा इशारा देत राहते. त्या खोट्या इशाऱ्यानें त्वचा सुजते आणि नव्या पेशी भराभर निपजतात.

हा दोष कांहीं अंशीं आनुवंशिक असतो. पण घराण्यांत दोष असलेल्या प्रत्येकासच विकार होतो असें नाहीं, आणि एकाच माणसाला तो वर्षभर सारखाहि राहत नाहीं. येथें आपल्या संवयींचा संबंध येतो. आपल्या बालाघाटच्या माळावर उन्हाळ्यांत तणाचें एकहि पान दिसत नाहीं. पण बीं जमिनींत असतें, आणि मृगाचा पाऊस पडला कीं तें उगवतें. सोरायसिसचें बीं आपल्या हातीं नाहीं. त्याला मिळणारी ओल मात्र बऱ्याच अंशीं आपल्या हातीं आहे. म्हणून “तुझ्या खाण्यापिण्यानें तुला हा रोग झाला” असें रोग्यास बोल लावणें जितकें चुकीचें, तितकेंच “नशिबाचा भोग आहे, कांहीं करून उपयोग नाहीं” असें म्हणणेंहि चुकीचें आहे.

आतां ही ओल कोठून कोठून मिळते तें क्रमानें पाहूं.

पहिली गोष्ट म्हणजे त्वचेस होणारी इजा. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिश कोबनर यांनीं १८७२ सालीं असें दाखविलें कीं, या रोग्यांच्या निरोगी त्वचेवरहि जेथें ओरखडा किंवा जखम होते, तेथेंच कांहीं दिवसांनीं नवा चट्टा उठतो. आपल्या नित्याच्या राहणींत असे ओरखडे किती असतात याचा विचार करा. कमरेस घट्ट बांधलेला करदोडा, परकराची काचणारी नाडी, हातांत घट्ट बसणाऱ्या बांगड्या, अंगावर नव्यानें गोंदवून घेणें, सोयाबीन काढतांना हातापायांना लागणारे सड, हीं सर्व त्याचीं कारणें होऊं शकतात. करदोडा सैल करावा, नाडी रुंद पट्टीची वापरावी, गोंदणें टाळावें, आणि काढणीच्या दिवसांत बाह्या लांब ठेवाव्यात. नवरात्रांत आणि अश्विनी पौर्णिमेस आपल्या भागांतून हजारों लोक तुळजापुरास पायीं जातात, आणि त्यांतील बरेच अनवाणी असतात. ज्याच्या तळव्यांस सोरायसिसच्या भेगा आहेत त्यानें पायांत मऊ वहाण घालून जावें. आई भवानी भक्ताच्या पायांतील वहाणेवर रुसत नाहीं.

खाजविणें हीहि इजाच आहे. खवले दिसले कीं ते काढून टाकावेत असें वाटतें, आणि मग वज्रीनें, घासणीनें किंवा नारळाच्या शेंडीनें चट्टा रक्त येईतोंवर घासला जातो. त्यानें चट्टा जात नाहीं. तो अधिक पसरतो. नखें कापून ठेवावींत, आणि खाज सुटली तर थंड पाण्याची पट्टी ठेवावी किंवा तळहातानें हलकेंच दाबावें.

दुसरी गोष्ट स्नानाची. आपल्याकडे हिंवाळ्यांत हवा थंड आणि कोरडी असते, आणि त्याच दिवसांत या विकाराचा जोर वाढतो. अशा वेळीं कढत पाण्यानें, भरपूर साबण लावून, खसखसून स्नान करण्याची संवय त्वचेतील उरलासुरला ओलावाहि काढून घेते. पाणी कोमट असावें, स्नान थोडक्यांत आटपावें, साबण सौम्य व थोडा वापरावा. अंग टॉवेलानें घासूं नये, टिपावें. आणि अंग ओलसर असतांनाच, दोन-तीन मिनिटांच्या आंत, खोबरेल तेल किंवा साधें व्हॅसलिन लावावें. दिवाळीच्या अभ्यंगस्नानांतलें तेल या रोग्यास हितकर आहे, पण रखरखीत उटणें चोळणें हितकर नाहीं. हा उपाय इतका साधा व स्वस्त आहे कीं, त्याला कोणी औषध मानीत नाहीं. परंतु खवले मऊ होऊन वरचें मलम त्वचेंत शिरावयाचें तर ह्या तेलावांचून भागत नाहीं.

तिसरी गोष्ट उन्हाची. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमधील डॉक्टर गोकरमन यांनीं १९२५ सालीं डांबराचें मलम आणि अतिनील किरण यांचा एकत्र उपचार प्रसिद्ध केला. आजहि त्वचारोग विभागांत त्या किरणांचा एक निवडक भाग मोजून दिला जातो. आपल्याकडे उन्हाला तोटा नाहीं. सकाळचें कोंवळें ऊन थोडा वेळ चट्ट्यांवर घेतल्यानें पुष्कळांना बरें वाटतें. पण वैशाखांत, पारा चाळीस अंशांवर गेला असतां, उघड्या अंगानें रानांत राबणें हा उपचार नव्हे. भाजलेली त्वचा ही जखमच होय, आणि जखमेचा परिणाम वर सांगितलाच आहे. कांहीं थोड्यांचा विकार तर उन्हानेंच वाढतो. बावचीचें तेल लावून उन्हांत बसण्याची एक जुनी रीत आहे; बावचींतील द्रव्यानें त्वचा उन्हाला फार हळवी होते व मोठे फोड येतात. तज्ज्ञाच्या सल्ल्यावांचून हा प्रयोग करूं नये.

चौथी गोष्ट व्यसनांची. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा विकार अधिक आढळतो, आणि तो अधिक तीव्र असतो. तळहात-तळव्यांवर पुळ्या येण्याचा जो एक चिवट प्रकार आहे, त्याचा धूम्रपानाशीं विशेष संबंध आहे. तंबाखू चघळणाऱ्यांनीं आणि मशेरी लावणाऱ्या भगिनींनींहि आपण यांतून सुटलों असें समजूं नये. तोंडाच्या कर्करोगाचें भय त्यांच्या मागें आहेच. महाराष्ट्रांत गुटख्यावर २०१२ सालीं बंदी आली. ती खिशावर आली, मनावर अजून यावयाची आहे. दारूचें तर विचारूंच नका. ती विकार वाढविते, औषधाचा गुण कमी करते, आणि एका औषधाशीं तर तिचें उघड वैर आहे. तें पुढें सांगतों.

पांचवी गोष्ट आहाराची आणि वजनाची. वांगें खाऊं नये, मीठ सोडावें, आंबट वर्ज्य करावें, दुधाबरोबर मासे खाऊं नयेत, असे शंभर सल्ले रोग्यास मिळतात. बिचारा एकेक पदार्थ सोडीत जातो, आणि शेवटीं रोग राहतो व अंगांतील शक्ति जाते. अमुक एक पदार्थ सोडल्यानें सोरायसिस बरा होतो असें सिद्ध झालेलें नाहीं. जें सिद्ध झालें आहे तें वेगळेंच आहे: शरीराची अवास्तव स्थूलता हा विकार वाढविते, आणि औषधाचा परिणामहि उणा करते. स्थूल माणसानें आपल्या वजनाचा दहावा-विसावा हिस्सा जरी उतरविला, म्हणजे नव्वद किलोच्या माणसानें पांच ते नऊ किलो, तरी चट्टे कमी होतात व औषध अधिक लागू पडतें. यासाठीं परदेशी आहार नको. ज्वारीची भाकरी, तुरीचें वरण, पालेभाजी, काकडी, मूठभर शेंगदाणे हें आपलें जुनें जेवण उत्तमच आहे. सोडावयाचे ते वडे, भजीं, शेव, फरसाण, बाटलींतलीं गोड पेयें आणि दिवसांतून सहा वेळां घेतलेला साखरेचा चहा. एकादशीच्या नांवाखालीं साबुदाणा आणि बटाटे तुपांत परतून खाणें हाहि वजन उतरविण्याचा मार्ग नव्हे.

सहावी गोष्ट मनाची. चिंतेनें आणि जागरणानें हा विकार उसळतो, हें रोगी स्वतःच सांगतात. आपल्या जिल्ह्यास चिंतेचीं कारणें नवीं नाहींत. पाऊस हुलकावणी देतो, विहिरी आटतात, कर्जाचे हप्ते चुकतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटेचा भूकंप ज्यांनीं पाहिला त्यांना मनाचा धक्का म्हणजे काय तें सांगावयास नको. ही दुःखें मलमानें जाणारीं नव्हेत. पण रात्रीं वेळेवर निजणें, रोज अर्धा तास चालणें, भजनांत किंवा मित्रांत बसणें, मनांतलें कोणाजवळ तरी बोलणें, एवढें तरी साधतें. आणि हें लक्षांत घ्या कीं, रोग्याच्या चिंतेंत सर्वांत मोठा वाटा पुष्कळदां रोगाचा नसून लोकांच्या नजरेचा असतो. शाळेंत असतांना मीं एक मुलगा पाहिला. त्याच्या कोंपरांवर व डोक्यांत असे चट्टे होते. मुलें त्याच्याशेजारीं बसत ना. तो उन्हाळ्यांतहि लांब बाह्यांचा सदरा घालून एकटा मागच्या बांकावर बसे. तालुक्याच्या डॉक्टरांनीं वर्गांत येऊन, सर्वांसमक्ष त्याच्या कोंपरावरून आपला उघडा हात फिरविला आणि म्हणाले, “पाहा, मला कांहीं होत नाहीं.” दुसऱ्या दिवशीं त्याच्याशेजारीं दोघे बसले. चट्टे तेवढेच होते. मुलगा मात्र बदलला होता.

आतां औषधांकडे वळूं. कारण औषध कसें घ्यावें हीहि एक संवयच आहे, आणि माणसें येथेंच अधिक दगावतात. दुकानांतून स्वतःच्या मतानें आणलेल्या मलमांत पुष्कळदां तीव्र स्टिरॉईड असतें. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं तें मोलाचें औषध आहे. पण महिनोन्‌महिने मनास येईल तसें चोळल्यानें कातडी पातळ होते, आणि एकाएकीं बंद केल्यानें रोग दुप्पट जोरानें उलटतो. म्हणूनच २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशीं कित्येक मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा नियम केला. आठवडी बाजारांत “मुळापासून बरा करतों” म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतहि हेंच स्टिरॉईड किंवा जड धातु मिसळलेले आढळले आहेत. पहिल्या आठवड्यांत चमत्कार दिसतो तो त्यामुळें. पुडी संपली कीं साऱ्या अंगावर पुवाच्या बारीक पुळ्या उठून किंवा सारी कातडी लाल होऊन जिवावर बेतूं शकतें. सोरायसिस आटोक्यांत राहतो, कित्येक वर्षें पूर्ण दबूनहि राहतो. पण तो मुळापासून उपटून टाकणारें औषध आज कोणाजवळहि नाहीं. जो तसें सांगेल त्याला दुरूनच नमस्कार करावा.

दुसरें एक औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. ज्या संशोधनांतून तें निघालें त्यांत आंध्रांत जन्मलेले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा वाटा होता. औषध स्वस्त आणि गुणकारी आहे. परंतु सोरायसिसकरितां तें आठवड्यांतून एकाच ठरलेल्या दिवशीं घ्यावयाचें असतें, रोज नव्हे. चुकून रोज घेतल्यानें माणसें दगावलीं आहेत. म्हणून आपल्या गांवच्या आठवडी बाजाराचा वार हाच गोळीचा वार ठरवावा, तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि घरांतील वाचतां येणाऱ्या मुलास तें दाखवून ठेवावें. हें औषध यकृतावर ताण आणतें. त्यांत दारूची भर पडली तर यकृताचा नाश ठरलेला. सांगितलेल्या वेळीं रक्त तपासावें. गर्भवती स्त्रीनें तें मुळींच घेऊं नये. मूल हवें असणाऱ्या दांपत्यानें आधीं डॉक्टरांस विचारावें.

आणखी दोन गोष्टी डॉक्टरांस न विचारतांहि सांगाव्या. रक्तदाब, मनोविकार किंवा हिंवताप यांवरील कांहीं गोळ्यांनीं सोरायसिस वाढतो. म्हणून चालूं असलेलीं सर्व औषधें दाखवावींत, पण स्वतः होऊन कोणतेंहि बंद करूं नये. आणि सकाळीं उठल्यावर बोटें किंवा कंबर अर्धा तास आंखडलेली राहत असेल, सांधा सुजत असेल, तर तें वय झाल्याचें लक्षण समजूं नये. या रोग्यांपैकीं शेंकडा वीस ते तीस जणांच्या सांध्यांत हा विकार उतरतो, आणि वेळीं उपचार न झाल्यास सांधे कायमचे वांकडे होतात. मधुमेह व हृदयविकार यांचें प्रमाणहि या रोग्यांत अधिक असतें. वर्षांतून एकदां साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. लहान मुलास घसा सुजून ताप आल्यावर दोन-तीन आठवड्यांनीं अंगभर थेंबाएवढे ठिपके उठले, तर तोहि याच विकाराचा एक प्रकार असूं शकतो. त्यास लगेच दाखवावें.

यासाठीं फार दूर जावयास नको. धाराशिवास आतां शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालें आहे. सोलापूर, लातूर आणि अंबाजोगाई येथेंहि तशीं महाविद्यालयें व त्यांचीं रुग्णालयें आहेत. आयुर्वेदावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याकरितां धाराशिवचें शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. उपचार कोणताहि असो, तो शिकलेल्या माणसाकडून, नांव लिहिलेल्या औषधानें आणि नियमितपणें व्हावा. चट्टे कमी झाले कीं औषध सोडणें आणि फुगले कीं नवा डॉक्टर शोधणें, ही संवय मोडल्याशिवाय कोणाचेंच औषध लागू पडणार नाहीं.

जागतिक आरोग्य परिषदेनें २०१४ सालीं सोरायसिसची गंभीर, असंसर्गजन्य विकारांत गणना केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या अहवालाप्रमाणें जगांत किमान दहा कोटी माणसांना तो आहे. त्यांत आपल्या गांवचेहि कोणी असतीलच. रोग्यानें आपल्या संवयी सुधाराव्यात हें मीं सविस्तर सांगितलें. परंतु एक संवय गांवकऱ्यांनींहि सुधारावयाची आहे. सोयरीक जुळवितांना या चट्ट्यांवरून मुलीस नकार देणें, पंगतींत पाट बाजूला सरकविणें, न्हाव्यानें हजामतीस नाहीं म्हणणें, हें सर्व अज्ञानाचें फळ आहे, आणि रोग्याचा विकार वाढविणारी सर्वांत मोठी ओल तीच आहे. तंबाखू सोडावयास वर्ष लागेल, वजन उतरविण्यास सहा महिने लागतील. पण शेजाऱ्याच्या हातांतून पाण्याचा पेला घेण्यास क्षणहि लागत नाहीं. तेवढें आपण आजच करावें.